खेळयंत्राची किंमत आणि त्याचे आयुष्य

२ फेब्रुवारी २०२१ रोजी सोनी या जपानी कंपनीचे 'प्लेस्टेशन ५' हे यंत्र भारतात विक्रीस आले. त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. दूरचित्रवाणी संचाला जोडून घरबसल्या चित्रखेळ खेळण्याचे हे यंत्र. इंग्रजीत त्याला व्हिडिओ गेम कन्सोल म्हणतात. मुले नुसते 'कन्सोल' म्हणतात. पन्नास हजारांना दहा रुपये कमी, ही रक्कम मध्यमवर्गीय घरात सहजासहजी खर्च होणारी नव्हे. बंगळुरूसारख्या शहरात संगणक क्षेत्रात काम करणारी हजारो कुटुंबे राहतात, त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. अशा घरातील एखादा मुलगा जेव्हा वडिलांकडे या यंत्राचा हट्ट धरतो, तेव्हा वडिलांच्या तोंडून दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, 'एवढी किंमत कशाची?' आणि दुसरा, 'किती वर्षे चालेल?'

हे दोन्ही प्रश्न दिसायला साधे आहेत. पण यांपैकी एकाचेही उत्तर खोक्यावर छापलेले नसते. छापील किंमत ही त्या यंत्राच्या खर्चाचा एक भाग आहे. आयुष्याचे म्हणाल तर, यंत्र बंद पडण्यापूर्वीच ते निरुपयोगी होऊ शकते, आणि कधी कधी कंपनीने त्याचे उत्पादन थांबवल्यावरही ते वर्षानुवर्षे चालू राहते. म्हणून किंमत आणि आयुष्य या दोन गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागतो.

प्रथम किंमत पाहू. हेच यंत्र अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये ४९९ डॉलरला विकले जात होते. २०२१ च्या प्रारंभी एका डॉलरचे मोल सुमारे ७३ रुपये होते. त्या हिशेबाने ही रक्कम सुमारे साडेछत्तीस हजार रुपये होते. मग भारतात साडेतेरा हजार रुपये अधिक का? दुकानदाराची हाव, हे याचे सोपे उत्तर आहे. परंतु ते बरोबर नाही. अमेरिकेतील किंमत विक्रीकर वगळून सांगितली जाते, तर आपल्याकडे छापलेल्या कमाल किरकोळ किमतीत सर्व कर मिळवलेले असतात. शिवाय हे यंत्र भारतात बनत नाही, ते आयात होते. २०१८ च्या अर्थसंकल्पात अशा यंत्रांवरील मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने या यंत्रांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. एका हाताने वाढवले आणि दुसऱ्या हाताने कमी केले, असे हे झाले.

या दरांनी हिशेब कसा होतो ते एका उदाहरणाने समजून घेऊ. समजा, बंदरावर उतरलेल्या मालाचे मोल १०० रुपये आहे. त्यावर २० रुपये सीमाशुल्क बसते. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी २ रुपये. आता झाले १२२ रुपये. या १२२ रुपयांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे जवळजवळ २२ रुपये. अशा रीतीने शंभराचा माल गोदामातून बाहेर पडेपर्यंत १४४ रुपयांचा होतो. वाहतूक, वितरकाचा वाटा, दुकानाचे भाडे हे सारे त्यानंतरचे. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी की दुसरा कर हा पहिल्या करावरही लागतो. करावर कर चढत गेल्याने बेरीज आपल्या अंदाजापेक्षा मोठी होते.

तथापि करांचा हा हिशेब झाल्यावरही मूळ शंभर रुपयांचा प्रश्न उरतोच. ते शंभर कोणी ठरवले आणि कशावरून? या व्यापाराची खरी गंमत तेथेच आहे.

सामान्यतः वस्तू बनवायला जो खर्च येतो, त्यावर नफा चढवून तिची किंमत ठरते. कुंभाराचे मडके असो वा सुताराची खुर्ची, हाच नियम. चित्रखेळांच्या यंत्रांत मात्र पुष्कळदा उलटे घडते. नोव्हेंबर २००६ मध्ये 'प्लेस्टेशन ३' अमेरिकेत आले. त्याचे मोठ्या क्षमतेचे प्रतिरूप ५९९ डॉलरला होते. आयसप्लाय या संशोधन संस्थेने ते यंत्र उघडून, एकेका सुट्या भागाची किंमत मांडून असा अंदाज केला की ते बनवण्यास सुमारे ८४० डॉलर खर्च येत असावा. म्हणजे एक यंत्र विकले की कंपनीला अदमासे २४० डॉलरचा तोटा! मार्च २००७ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात सोनीच्या खेळविभागाला २३२ अब्ज येनहून अधिक तोटा झाला. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एका अधिकारी स्त्रीने तर २०२१ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात साक्ष देताना असे सांगितले की 'एक्सबॉक्स' या यंत्राच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा मिळवलेला नाही.

मग हा आतबट्ट्याचा व्यवहार कंपन्या करतात तरी का? कारण त्यांची खरी कमाई यंत्रावर नसते, ती खेळांवर असते. त्या यंत्रासाठी कोणीही खेळ तयार केला, तरी त्याच्या प्रत्येक विक्रीतून यंत्र बनवणाऱ्या कंपनीला वाटा द्यावा लागतो. कंपनीच्या स्वतःच्या आंतरजालीय दुकानातून खेळ विकला गेला, तर हा वाटा साधारणपणे तीस टक्के असतो. यंत्र म्हणजे जणू यात्रेत मांडलेला पाळणा. पाळणा उभारताना मालकाला पदरमोड करावी लागते. पुढे प्रत्येक फेरीला तिकीट असते. आपण दुकानातून घरी नेतो तो पाळणा, आणि तिकिटे पुढे कित्येक वर्षे काढत राहतो.

ज्यांना अशी तिकिटे विकता आली नाहीत, त्यांचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत 'थ्रीडीओ' नावाचे यंत्र आले. त्याचा आराखडा एका कंपनीचा आणि उत्पादन पॅनासॉनिकसारख्या दुसऱ्या कंपन्यांचे. खेळांवरील वाटा आराखडा करणाऱ्याकडे जाई. उत्पादकाला मात्र यंत्रावरच नफा काढणे भाग होते. परिणामी किंमत झाली जवळजवळ ७०० डॉलर. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली आणि तीन-चार वर्षांत ते यंत्र बाजारातून नाहीसे झाले.

याच अडचणीची एक कथा खुद्द बंगळुरूत घडलेली आहे. ते यंत्र खेळण्यासाठी बनवलेले नव्हते, परंतु किमतीचे गणित तेच होते, आणि आपल्या देशातील प्रयत्न म्हणून त्याची माहिती प्रत्येक विद्यार्थ्याला असावी असे वाटते. १९९८ च्या सुमारास भारतीय विज्ञान संस्थेतील स्वामी मनोहर, विजय चंद्रू, व्ही. विनय, रमेश हरिहरन हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीचे विनय देशपांडे प्रभृतींनी सामान्य माणसासाठी हातात मावणारा संगणक तयार करण्याचे ठरवले. त्याचे नाव 'सिंप्युटर'. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही तो वापरता यावा, त्याने भारतीय भाषांतून मजकूर बोलून दाखवावा, आणि एका गावात अनेकांनी मिळून एकच यंत्र वापरावे, प्रत्येकाकडे आपापले छोटे स्मृतिपत्र असावे, अशी ती कल्पना होती. किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास ठेवण्याचा संकल्प होता. यासाठी 'सिंप्युटर ट्रस्ट' हा न्यास स्थापन झाला. न्यासाने आराखडा तयार करावा आणि उत्पादकांनी परवाना घेऊन यंत्र बनवावे, अशी योजना होती.

२६ एप्रिल २००४ रोजी पिकोपेटा ही कंपनी आणि सार्वजनिक क्षेत्रातील भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी मिळून 'अमिडा सिंप्युटर' बाजारात आणला. यंत्र हातात कलते केले की तो कल ओळखणारा संवेदक त्यात बसवलेला होता. असे संवेदक खेळयंत्रांच्या जगात सर्वतोमुखी झाले ते २००६ मध्ये निन्टेन्डो कंपनीचे 'वी' हे यंत्र आल्यावर. बंगळुरूच्या अभियंत्यांनी ती गोष्ट दोन वर्षे आधी करून दाखवली होती. किंमत मात्र सुमारे दहा हजार रुपयांपासून सुरू होत होती, आणि रंगीत पडदा हवा असेल तर तिच्या दुपटीच्या घरात जात होती. पहिल्या वर्षात पन्नास हजार यंत्रे विकण्याची अपेक्षा होती; प्रत्यक्षात विक्री चार हजारांच्या आसपासच राहिली.

यात कल्पनेचा दोष होता असे मला वाटत नाही. यंत्राच्या पोटी तोटा सोसून तो पुढे भरून काढण्याची सोय त्या उत्पादकांकडे नव्हती. त्यांना प्रत्येक यंत्राचा पूर्ण खर्च त्याच विक्रीतून वसूल करावा लागे. संख्या थोडी म्हणून सुटे भाग महाग, भाग महाग म्हणून किंमत चढी, आणि किंमत चढी म्हणून संख्या थोडी. या चक्रातून बाहेर पडण्यासाठी लागणारे भांडवल जपान-अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांजवळ होते, प्राध्यापकांच्या न्यासाजवळ ते कोठून असणार? तोवर भ्रमणध्वनी स्वस्त होत गेले आणि सिंप्युटरची जागा त्यांनी घेतली.

बंगळुरूचा या व्यवसायाशी दुसऱ्या बाजूनेही संबंध आहे. राजेश राव यांनी १९९७ मध्ये तेथे 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' ही चित्रखेळ निर्माण करणारी कंपनी सुरू केली. एक्सबॉक्सवरील 'फोर्झा मोटरस्पोर्ट' या मोटारशर्यतीच्या खेळमालिकेसाठी तेथील चित्रकारांनी काम केले. २०१९ मध्ये रॉकस्टार या अमेरिकी कंपनीने ध्रुव विकत घेतली. यंत्र परदेशी असले तरी त्यातील मोटारीची चकाकी या शहरात घडलेली असू शकते.

आता काळ आणि किंमत यांचे नाते पाहू. पूर्वी एक ठोकताळा होता: थोडे थांबा, किंमत उतरेल. तो खराही होता. यंत्रातील मुख्य भाग म्हणजे सिलिकॉनची चकती. तंत्र सुधारते तसतशी तीच रचना अधिक लहान जागेत बसवता येते. प्लेस्टेशन ३ चा मुख्य प्रक्रियक २००६ मध्ये ९० नॅनोमीटर तंत्राने बनत असे. २००९ मध्ये तो ४५ नॅनोमीटर तंत्राने बनू लागला. चकती लहान झाली की एका पत्र्यातून अधिक चकत्या निघतात, वीज कमी लागते, उष्णता कमी होते, पंखा आणि वीजपुरवठ्याचा भागही लहान होतो. म्हणून २००९ मध्ये त्या यंत्राचे सडपातळ रूप अमेरिकेत २९९ डॉलरला मिळू लागले. तीन वर्षांत किंमत निम्म्यावर आली. 'प्लेस्टेशन २' तर २००० मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरचे होते, ते २००९ मध्ये ९९ डॉलरला आले.

हा ठोकताळा अलीकडे मोडला आहे. भारतात ४९,९९० रुपयांना आलेले प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० रुपयांचे झाले. वस्तू दोन वर्षांनी जुनी झाली आणि पाच हजारांनी महागली! अमेरिकेतही २०२५ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही कंपन्यांनी आपल्या यंत्रांच्या किमती वाढवल्या. चकत्या लहान करण्याचे तंत्र आता इतके खर्चिक झाले आहे की लहान चकती स्वस्तच पडेल असे राहिलेले नाही. त्यात चलनांचे चढउतार, महागाई आणि आयातशुल्के यांची भर पडली. म्हणून 'थांबावे की घ्यावे' या प्रश्नाला आजोबांच्या अनुभवाचे उत्तर आता पुरत नाही.

किंमत झाली, आता आयुष्य. 'हे यंत्र किती वर्षे चालेल?' या एका वाक्यात निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत, ते वेगळे करायला हवेत.

एक आयुष्य पिढीचे. सोनीचे पहिले प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये आले. दुसरे मार्च २००० मध्ये, तिसरे नोव्हेंबर २००६ मध्ये, चौथे नोव्हेंबर २०१३ मध्ये आणि पाचवे नोव्हेंबर २०२० मध्ये. म्हणजे पहिले अंतर सव्वापाच वर्षांचे आणि पुढची पावणेसात ते सात वर्षांची. नवी पिढी आली म्हणून जुनी त्याच दिवशी मरत नाही. प्लेस्टेशन २ चे उत्पादन २०१३ च्या प्रारंभापर्यंत, सुमारे तेरा वर्षे चालू होते. तोवर त्याची १५ कोटी ५० लाखांहून अधिक यंत्रे जगभर गेली होती. आपल्या देशात त्याचे उतारवय विशेष भरभराटीचे ठरले, कारण तेव्हाच ते आपल्या खिशाला परवडू लागले. २०११ मध्ये 'रा.वन' या हिंदी चित्रपटावर आधारलेला खेळ निघाला, तो प्लेस्टेशन ३ बरोबर प्लेस्टेशन २ साठीही काढण्यात आला. मूळ यंत्राला तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

याच्या उलट उदाहरण सेगा कंपनीच्या 'ड्रीमकास्ट' या यंत्राचे. अमेरिकेत ते सप्टेंबर १९९९ मध्ये १९९ डॉलरला आले. यंत्र उत्तम होते. परंतु जानेवारी २००१ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले आणि मार्चअखेर ते थांबले. ज्याने पहिल्या दिवशी ते घेतले, त्याच्या हातात अवघ्या दीड वर्षात वारस नसलेले यंत्र राहिले. ते बिघडलेले नव्हते. त्यासाठी नवे खेळ येणे मात्र आटत गेले. म्हणून नव्या कन्सोलची निवड करताना त्याच्या वेगापेक्षा त्याच्यामागे उभ्या असलेल्या कंपनीची ताकद अधिक महत्त्वाची ठरते, असे माझे मत आहे.

दुसरे आयुष्य खुद्द यंत्राच्या देहाचे. कन्सोलमध्ये हलणारे भाग थोडे असतात: पंखा, तबकडी वाचणारा भाग आणि काही यंत्रांत हार्ड डिस्क. झिजतात मुख्यतः हेच. हातातील नियंत्रकावरच्या दांड्याही घासून सैल होतात आणि मग बोट न लावता पडद्यावरचे पात्र आपोआप एका बाजूला सरकू लागते. परंतु यंत्राचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. एक्सबॉक्स ३६० हे यंत्र २००५ मध्ये अमेरिकेत आणि सप्टेंबर २००६ मध्ये भारतात आले. तापणे आणि निवणे यांच्या फेऱ्यांमुळे त्याच्या आतील बारीक जोड निकामी होत आणि दर्शनी भागावर तीन लाल दिवे लागत. शेवटी जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडासाठी हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवली. त्यापायी कंपनीला एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद करावी लागली. पहिल्या वर्षी घेणाऱ्या गिऱ्हाइकाने नव्या यंत्राची परीक्षा स्वतःच्या पैशाने घेतली, असेच म्हणायचे.

या बाबतीत गावोगावची हवाही लक्षात घ्यावी लागते. मुंबई-कोकणची दमट, खारी हवा धातूच्या जोडांना बाधते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले. तेथील सौम्य हवा यंत्राला मानवते, पण चहूकडे चाललेल्या बांधकामांची धूळ पंख्यात अडकते. कपाटाच्या बंद कप्प्यात ठेवलेले यंत्र कोणत्याही गावी लवकर बिघडते. बंगळुरूच्या जुन्या पेठेलगतच्या सदर पत्रप्पा रस्त्यावर, ज्याला सारे शहर एस. पी. रोड म्हणते, विजेच्या व संगणकाच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. पंखा बदलणे, आतील धूळ काढणे, प्रक्रियकावरचा वाळलेला उष्णतावाहक लेप काढून नवा लावणे, ही कामे जाणकार कारागीर करतात. हमीच्या मुदतीत मात्र यंत्र बाहेर उघडायला देऊ नये. मुदत संपल्यावर या साध्या देखभालीने यंत्राचे वय वाढते, हा खर्च किमतीच्या मानाने किरकोळ असतो.

एवढेसे घड्याळाचे बटणासारखे विद्युतघटही किती महत्त्वाचे असतात पाहा. प्लेस्टेशन ४ मध्ये आतील घड्याळ चालू ठेवणारा असा एक घट असतो. तो संपला आणि यंत्राला कंपनीच्या सेवेशी जोडता आले नाही, तर खेळ सुरू होणार नाहीत, असे जाणकारांच्या ध्यानात आले. तेव्हा पुष्कळ चर्चा झाली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये सोनीने आज्ञावलीत सुधारणा करून ही अडचण दूर केली. ती झाली नसती, तर चाळीस हजारांच्या यंत्राचे आयुष्य एका नाणेवजा घटावर अवलंबून राहिले असते. भारतात २०१४ च्या जानेवारीत त्या यंत्राची किंमत ३९,९९० रुपये होती.

या गोष्टीतून तिसऱ्या आयुष्याकडे वळता येते, ते म्हणजे सेवेचे. पूर्वी खेळ तबकडीवर वा कॅसेटवर मिळे. तो आपल्या मालकीचा असे. आता पुष्कळ खेळ आंतरजालावरून उतरवून घ्यावे लागतात. ज्या दुकानातून ते उतरवायचे ते दुकानच बंद झाले तर? निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये 'वी यू' आणि 'थ्रीडीएस' या यंत्रांची आंतरजालीय दुकाने बंद केली. एक्सबॉक्स ३६० चे दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झाले. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ चे दुकान बंद करण्याचे जाहीर केले होते. खेळाडूंनी गिल्ला केल्यावर महिन्याभरातच तो निर्णय मागे घेतला. घरातले यंत्र ठणठणीत असते, पण दूरदेशीच्या एका कार्यालयात घेतलेल्या निर्णयाने त्याचा एकेक दरवाजा बंद होत जातो. पूर्वीच्या कोणत्याही घरगुती वस्तूला हा धोका नव्हता. आजीच्या शिवणयंत्राला कोणाच्या परवानगीची गरज पडली नाही.

आता वडिलांच्या दोन प्रश्नांकडे वळून प्रत्यक्ष आकडे मांडू. समजा यंत्र ४९,९९० रुपयांना घेतले आणि ते एक पिढी, म्हणजे सात वर्षे चालले. वर्षाचा खर्च झाला सुमारे ७,१४० रुपये. हे फार वाटत नाही. आता खेळ. प्लेस्टेशन ५ भारतात आले तेव्हा त्याच्या मोठ्या नव्या खेळांची किंमत ४,९९९ रुपये होती. वर्षाला असे दोनच खेळ घेतले, तरी सात वर्षांत चौदा खेळ होतात आणि त्यांचे मोल ६९,९८६ रुपये. यंत्रापेक्षा खेळांवरच वीस हजार अधिक गेले! दोन्ही मिळून १,१९,९७६ रुपये. म्हणजे महिन्याला चौदाशेहून थोडे अधिक. इतरांशी जोडून खेळायचे तर पुष्कळदा वेगळी वर्गणी द्यावी लागते. ती यात धरलेली नाही, आणि विजेचे बिलही नाही. यंत्राचे जेमतेम पन्नास हजार जमवले म्हणजे काम झाले असे समजणाऱ्याने ही बेरीज एकदा कागदावर करून पाहावी.

याच आकड्यांनी आणखी एक पेच सोडवता येतो. प्लेस्टेशन ५ चे तबकडी न घेणारे रूप भारतात ३९,९९० रुपयांना आले होते, दहा हजारांनी स्वस्त. वरवर पाहता हाच शहाणपणाचा सौदा. परंतु ज्या यंत्रात तबकडी जात नाही, त्यावर मित्राकडून उसना आणलेला खेळ चालत नाही, जुन्या बाजारात निम्म्या किमतीला मिळणारी तबकडी चालत नाही, आणि खेळून झालेला खेळ विकताही येत नाही. समजा, तबकडीवाल्या यंत्राच्या मालकाला प्रत्येक खेळामागे, जुना घेऊन किंवा आपला विकून, हजार रुपये वाचवता आले. दहा खेळांत दहा हजारांचा फरक भरून निघतो. पुढचे सारे खेळ त्याच्या फायद्याचे. वर्षाकाठी एखादाच खेळ खेळणाऱ्याला मात्र स्वस्त यंत्रच परवडेल. म्हणजे कोणते यंत्र स्वस्त, हे यंत्रावरून ठरत नाही, खेळणाऱ्याच्या सवयीवरून ठरते.

ज्याला नव्याचाच अट्टहास नाही, त्याच्यासाठी आणखी एक वाट आहे. पिढी निम्मी उलटल्यावर यंत्र घ्यावे. तोपर्यंत पहिल्या खेपेचे दोष दुरुस्त झालेले असतात, गाजलेल्या खेळांच्या तबकड्या जुन्या बाजारात आलेल्या असतात, आणि त्या कंपनीचा जोर टिकला की नाही हेही कळलेले असते. किंमत उतरण्याची खात्री आता नसली, तरी खेळांवरचा खर्च निश्चित उतरतो. याची बाजू पडती एवढीच की नव्या खेळांचा ओघ कमी वर्षे मिळतो, आणि शाळेतील मित्र तोवर दुसऱ्याच कशाबद्दल बोलू लागलेले असतात. मुलाच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट लहान नसते. तिची किंमत कोणत्याही हिशेबात धरता येत नाही.

शेवटी यंत्र खरोखर थकते तेव्हा त्याचे काय करावे, हा प्रश्न राहतो. ते भंगारवाल्याला द्यायचे नाही, कारण आतील मुद्रित फळ्यांत धोकादायक द्रव्येही असतात आणि मौल्यवान धातूही. केंद्र शासनाचे ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांच्या यादीत खेळणी व करमणुकीची साधने या वर्गात चित्रखेळांच्या यंत्रांचाही समावेश आहे, आणि जुनी यंत्रे अधिकृत रीतीने पुनर्वापरासाठी जातील हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. बंगळुरूजवळ दाबसपेठ येथे 'ई-परिसर' हा कारखाना २००५ पासून हे काम करीत आहे. शासनमान्यता मिळालेला या प्रकारचा तो देशातील पहिला कारखाना. तेथे यंत्रे सुटी केली जातात. प्लॅस्टिक, लोखंड, ॲल्युमिनियम आणि तांबे वेगवेगळे होतात, आणि एकेकाळी मोटारींच्या शर्यती धावलेल्या त्या हिरव्या फळ्यांमधून अत्यल्प प्रमाणात सोनेही काढले जाते.